दादा गेले, आता रविवारच्या मॅचला काय करायचं?

ताई नमस्कार,

आम्ही पूर्व नागपुरातल्या एका जुन्या मोहल्ला फुटबॉल क्लबचे सपोर्टर, पस्तीसेक जण. आमच्यातले एक दादा मागच्या मंगळवारी पहाटे अचानक गेले, हार्ट अटॅक, वय ४६. हिंगणा एमआयडीसीत नोकरी होती, घरी वहिनी आणि आठवीतला मुलगा. मॅच रेशीमबागला असो की मोतीबागला, दादा ताशा गळ्यात अडकवून हजर. पाण्याची कॅन आणि ग्लुकोजचा डबा पण तेच आणायचे, ज्युनिअर पोट्ट्यांना गाडीवर बसवून मैदानावर न्यायचे-आणायचे. रात्री युरोपातल्या मॅच पण आम्ही त्यांच्यासोबतच पाहायचो. खरं सांगतो, त्यांचं पूर्ण नाव आमच्यातल्या अर्ध्या लोकांना पेपरातल्या निधनवार्तेवरून कळलं.

आता ग्रुपवर भांडणं सुरू आहेत. कोणी म्हणतो चौकात मोठा फ्लेक्स लावू, कोणी म्हणतो दादांच्या नावानं टूर्नामेंट घेऊ, कोणी म्हणतो त्यांची आठवण म्हणून १० नंबरची जर्सी बंद करू, एकजण फोटोवाले टी-शर्ट छापायला निघाला, एकानं तर हॉस्पिटलमधला फोटो स्टेटसला ठेवला. येत्या रविवारी मॅच आहे आणि समोर नेमकी तीच टीम, जिच्याशी आमचं वर्षानुवर्षं जमत नाही. वहिनी आम्हाला ओळखत नाहीत, अंत्यविधीला सगळे गेलो पण त्यानंतर घरी कोणी गेलं नाही. आणि एक मित्र आहे, त्याचं दादांशी बोलणं बंद होतं, तो विचारून राहिला की मी रविवारी येऊ की नको. सांगा, आम्ही काय करावं?

एक सपोर्टर, नंदनवन

—

भाऊ, आधी एक काम करा, पुढचं नंतर वाचा. तो हॉस्पिटलमधला फोटो स्टेटसवरून, ग्रुपवरून, जिथे जिथे गेला असेल तिथून काढायला लावा. ज्यानं टाकला त्याला ग्रुपवर सगळ्यांसमोर झापू नका, फोन करा, त्याला पण सुधरत नसेल बिचाऱ्याला. पण फोटो गेलाच पाहिजे. आठवीतल्या पोराच्या हातात आजकाल मोबाईल असतो, कोणाच्या मामाकडून, कोणाच्या काकाकडून फिरत फिरत तो फोटो त्याच्यापर्यंत जाईल आणि बापाचा चेहरा म्हटलं की त्याला तेच आठवेल. सोबतच ग्रुपवर "दोन दिवसांपासून छातीत दुखत होतं म्हणे, गॅसची गोळी खाऊन झोपले म्हणे" असलं काही सुरू असेल तर ते पण थांबवा. घरच्यांनी काय केलं आणि काय करायला पाहिजे होतं ही चर्चा वहिनींच्या कानावर गेली तर ती बाई आयुष्यभर स्वतःला दोष देत बसेल, आणि तुमच्यातल्या कोणालाही त्या पहाटे त्या घरात काय झालं ते माहीत नाही.

आता घराचं. तुमच्या अख्ख्या पत्रात मला सगळ्यात जास्त काही टोचलं असेल तर ते हे की घरी कोणी गेलं नाही. फ्लेक्सचा विचार झाला, टूर्नामेंटचा झाला, टी-शर्टचा झाला, घरी जायचं तेवढं राहिलं. मला कळतं संकोच वाटतो, वहिनी ओळखत नाहीत, जाऊन बोलणार काय. तरी पण उद्या संध्याकाळी जा. तीन-चार जण बस झाले, त्यात एक तरी वयानं मोठा असू द्या, आणि कोणाची आई किंवा बायको सोबत आली तर फार बरं, कारण वहिनी तुमच्याशी बोलणार नाहीत पण तिच्याशी बोलतील. क्लबची जर्सी घालून जाऊ नका. बसा, आपण कोण ते सांगा, दादा मैदानावर काय काय करायचे ते थोडक्यात सांगा. पहिल्या भेटीत परवानग्या मागत बसू नका. फक्त एवढं विचारा की पुढचा विधी कधी, कुठे आणि आमच्याकडे कोणतं काम देता, आणि हे की रविवारी आम्ही मैदानावर त्यांचं नाव घेणार आहोत, तुम्हाला चालेल ना, काही नको असेल तर सांगा. लगेच उत्तर नाही आलं तर मागे लागू नका, दीर किंवा भाऊ जो कोणी घरात धावपळ करून राहिला असेल त्याचा नंबर घ्या आणि निघा.

विधीचं मी मुद्दाम बोलून राहिली. नागपुरात एका क्लबमध्ये सगळ्या घरचे पोट्टे असतात आणि प्रत्येक घरची रीत वेगळी. कोणाकडे तेरवी होते, अस्थी रामटेकला अंबाळ्याला नेतात. बौद्ध घर असेल तर तेरवी नसते, पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम असतो, आणि तिथे जाऊन कोणी "तेरवी कधी" विचारलं तर ते लागतं त्यांना. मोमिनपुऱ्यातलं किंवा कामठीतलं मुस्लिम घर असेल तर तिजा, चाळिसावा, म्हणजे तिसऱ्या आणि चाळिसाव्या दिवसाचे विधी. ख्रिश्चन घर असेल तर चर्चमधली प्रार्थना. तुम्ही अंत्यविधीला होता म्हणजे तुम्हाला अंदाज आहेच, पण अंदाजावर जाऊ नका, कारण मैदानावर फोटो ठेवायचा का, हार घालायचा का, दिवा लावायचा का हे सगळं त्यावरूनच ठरतं, आणि हे ठरवायचा हक्क घरच्यांचा.

मदतीचं म्हणाल तर लोक अशा वेळी पाकीट देतात, द्या, पण घर अडतं ते कागदांपाशी. तुमच्या पस्तीस जणांत कोणी बँकेत असेल, कोणी कंपनीत अकाउंट्सला असेल, असे दोघं या कामाला लावा. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत झाली पाहिजे, मृत्यू दवाखान्यात झाला असेल तर नोंद तिकडून जाते, घरी झाला असेल तर घरच्यांना करावी लागते, आपल्याकडे महापालिकेच्या झोन ऑफिसात, आणि तारीख उलटली की मग शुल्क, परवानग्या, चकरा. दाखल्याच्या भरपूर प्रती काढून ठेवा, आणि दाखल्यावरचं नाव आधारवरच्या नावाशी अक्षर न् अक्षर जुळतं का ते हातात घेतल्या घेतल्या पाहा, तिथे एक वेलांटी चुकली की पुढे प्रत्येक टेबलावर अडवतात. बँकेचं पासबुक वहिनींसोबत बसून बघा. मे-जूनच्या आसपास ४३६ रुपये कापलेले दिसले तर तो पंतप्रधान जीवनज्योती विमा, कारण काही असो, नॉमिनीला २ लाख मिळतात, आणि कित्येक घरांना हे माहीतच नसतं, पैसे दरवर्षी कापले जातात आणि माणूस गेल्यावर क्लेम कोणी करत नाही. २० रुपयेवाला जो आहे तो अपघाताचा, त्याच्या मागे लागू नका. एमआयडीसीत नोकरी म्हणजे बहुतेक पीएफ असेलच, तर पीएफच्या रकमेशिवाय ईडीएलआय म्हणून विमा असतो, जास्तीत जास्त ७ लाखांपर्यंत, वहिनींना पेन्शन असते आणि मुलाला पण २५ वर्षांचा होईपर्यंत असते. कंपनीत एचआरला भेटायला दीर जाईल तेव्हा तुमच्यातला एक सोबत जाऊ द्या, नुसता फाईल पकडून बाजूला बसला तरी दीराला धीर येतो. ही गोष्ट कोणाला दिसत नाही, हिचा फोटो निघत नाही, पण दादांचा मान म्हणून तुम्ही जे काही कराल त्यातलं हे मी वरच्या नंबरवर ठेवीन.

वर्गणी काढली तर ती सरळ वहिनींच्या खात्यात जाऊ द्या, ग्रुपमधल्या कोणाच्या यूपीआयवर नको, आणि कोणी किती टाकले त्याचे स्क्रीनशॉट ग्रुपवर नको. ज्याच्याकडे १०० रुपये आहेत त्याला ५००० वाल्याचा आकडा दिसता कामा नये. आणि भावनेच्या भरात "पोराच्या शिक्षणाची जबाबदारी आमची" असं कोणी बोलून जाऊ नका. तो पोट्टा ते वाक्य विसरणार नाही, तुम्ही विसराल.

आता रविवार.

दोन मिनिटं मौन ही आपली सवय, शाळेपासूनची. पण तुम्हीच डोळ्यासमोर आणा, रेशीमबागसारखं मोकळं मैदान, बाजूला क्रिकेट सुरू, रस्त्यावर हॉर्न, एखादा चायवाला, लहान पोट्टे इकडून तिकडे पळत असतात, मौन अर्ध्यातच तुटतं आणि मग उगाच कोणावर तरी ओरडणं होते. त्यात ज्या माणसाची ओळखच ताशा, त्याच्यासाठी गप्प उभं राहणं मला काही पटत नाही. २००५ मध्ये मँचेस्टर युनायटेडचा जुना स्टार जॉर्ज बेस्ट वारला तेव्हा इंग्लंडमध्ये कित्येक मैदानांवर मौनाऐवजी मिनिटभर टाळ्या वाजल्या आणि तिकडे मग ती पद्धत चांगलीच रुळली. सपोर्टर गेला तर त्याच्या वयाच्या मिनिटाला टाळ्या वाजवतात, खेळ सुरूच असतो, स्टँडमधले उठून उभे राहतात. दादा ४६ चे होते. ९० मिनिटांची मॅच असेल तर ४६ वं मिनिट म्हणजे सेकंड हाफची किकऑफ, सगळे हाफटाइमवरून परत आलेले, पाणी पिऊन झालेलं, सगळ्यांचं लक्ष सेंटरला. सगळ्यांना पाळता येईल असं यापेक्षा सोपं मिनिट नाही. तुमच्या लीगमध्ये हाफ लहान असेल तर घड्याळ बघायला एक माणूस नेमा आणि त्याच्या हाताकडे बघून सुरू करा. मॅचच्या आधी माइक असेल तर माइकवर, नसेल तर कॅप्टननं मोठ्यानं दादांचं पूर्ण नाव घ्यायचं, वडिलांच्या नावासकट, घरच्यांना विचारून, बरोबर. नुसतं "आपले दादा" नको. १९८९ मध्ये इंग्लंडमधल्या हिल्सबरोच्या मैदानात चेंगराचेंगरी झाली, लिव्हरपूलचे ९७ सपोर्टर त्यात गेले, आज अॅनफिल्डला, म्हणजे लिव्हरपूलच्या मैदानावर, त्यांच्या स्मारकावर एकेकाचं नाव कोरलेलं आहे. खेळाडूचं नाव स्कोअरशीटवर राहतं, सपोर्टरचं कुठेच राहत नाही, म्हणून ते आपण मुद्दाम घ्यायचं असते.

काळ्या फिती बांधा, दंडावर, कापडाच्या साध्या. रेफरीला आणि आयोजकांना आधी सांगून.

समोरच्या टीमबद्दल तुम्ही घाबरत घाबरत लिहिलं आहे, मला वाटतं ते घाबरायचं कारण नाही. १७ जुलै २०१४ ला युक्रेनवर मलेशियाचं एमएच १७ हे प्रवासी विमान पाडलं गेलं, त्यात न्यूकॅसल युनायटेड या इंग्लिश क्लबचे दोन सपोर्टर होते, टीमच्या मॅच पाहायला न्यूझीलंडला निघालेले. न्यूकॅसल आणि शेजारचा संडरलँड क्लब यांचं वैर किती जुनं आहे ते तुम्हाला मी सांगायची गरज नाही, रात्री जागून मॅच पाहणारे तुम्ही. तर त्या दोघांसाठी फुलांचे पैसे गोळा करायला सुरुवात केली ती संडरलँडच्या सपोर्टरनं. शंभर पौंड जमले तरी खूप असं त्याला वाटलं होतं, जमले तीस हजारांच्या वर, फुलं घेऊन उरलेले दान केले. न्यूकॅसलचे लोक मग १७ व्या मिनिटाला टाळ्या वाजवायचे. तुमच्या समोरची टीम पण नागपूरचीच आहे ना भाऊ, दादांचा ताशा त्यांनी पण वर्षानुवर्षं ऐकला, त्रास झाला असेल, शिव्या पण घातल्या असतील, पण आवाज ओळखीचाच. त्यांच्या कॅप्टनला स्वतः फोन करा, मेसेज नको. म्हणा, आमचे दादा गेले, ४६ व्या मिनिटाला आम्ही टाळ्या वाजवणार आहोत, तुम्ही सोबत याल का. बघा नाही म्हणतो का.

ताशा कोण वाजवणार हे तुम्ही विचारलं नाही पण रविवारी सकाळी हा प्रश्न येणारच. ताशा दादांचा म्हणजे आता वहिनींचा आणि पोराचा. तो मागून आणायचा नाही, त्यांनी स्वतःहून दिला तर घ्यायचा. दुसरा कोणाचा ताशा असेल तर टाळ्यांच्या मिनिटानंतर वाजवा, जोरात वाजवा. पोरगा मैदानावर यायचं म्हणाला तर त्याला आणा, गर्दीच्या मधोमध उभं करू नका, एका शांत माणसाजवळ बसवा. त्याच्या हातात काड्या देऊन "वाजव बेटा, बापाचं नाव काढ" असलं काही करू नका आणि त्याचा व्हिडिओ तर अजिबात काढू नका. त्याला वाजवावंसं वाटलं तर तो स्वतः उठेल, या रविवारी नाही तर दोन वर्षांनी उठेल.

फ्लेक्स नको, स्पष्टच सांगते. चौकात लागलेल्या भावपूर्ण श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर मधे गेलेल्या माणसाचा फोटो आणि खाली श्रद्धांजली देणाऱ्यांचे वीस चेहरे, बघणारा त्या वीस चेहऱ्यांतच हरवतो. वरून महापालिकेची परवानगी लागते, नाही घेतली तर तो फ्लेक्स एक दिवस अतिक्रमणवाले ओढून काढतील आणि गाडीत फेकतील, तो सीन वहिनींना बाजारात जाता-येता दिसावा असं वाटतं का तुम्हाला. लावायचाच असेल तर मैदानावर, मॅचपुरता, साधा कापडी बॅनर, दादांचं नाव आणि क्लबचं नाव, बस. मॅच संपली की घडी करून नीट ठेवा.

फोटोवाल्या टी-शर्टचं पण तेच. आज सगळे घालतील. सहा महिन्यांत कापड विटेल, फोटो तडकेल आणि वर्षभरात तो टी-शर्ट कोणाच्या तरी घरी फरशी पुसायला निघेल. दादांचा चेहरा आहे तो. त्यापेक्षा क्लबच्या जर्सीवर आतून कॉलरजवळ त्यांच्या नावाची आद्याक्षरं शिवून घ्या, कोणाही टेलरकडे होतं.

१० नंबर बंद करायचं म्हणता, तर २००४ मध्ये गोव्याच्या डेम्पो क्लबचा खेळाडू क्रिस्टियानो ज्युनिअर फेडरेशन कपच्या फायनलमध्ये बंगळुरूला मैदानावरच कोसळून गेला तेव्हा डेम्पोनं त्याचा १० नंबर बंद केला, ते बरोबर होतं, तो नंबर तो घालायचा. सपोर्टरसाठी जर्मनीच्या बायर्न म्युनिकसारखे क्लब १२ नंबर कोणा खेळाडूला देत नाहीत, तो प्रेक्षकांचा मानतात. तुम्ही १२ बाजूला ठेवू शकता, पण तुमच्याकडे जर्सींचा एकच सेट असेल तर या भानगडीत पडू नका, एखाद्या पोट्ट्याला जर्सी कमी पडेल आणि दादांना ते बिलकूल चाललं नसतं, ज्युनिअर पोरांना गाडीवरून आणणारा माणूस तो.

आणि इथेच टूर्नामेंटचं पण सांगून टाकते. स्मृती चषक आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत. पहिल्या वर्षी लाइट, डीजे, नेते, सगळं असतं, दुसऱ्या वर्षी निम्मं, आणि तिसऱ्या वर्षी वर्गणीवरून तोंडं फिरतात आणि ज्याच्या नावानं घेतली त्याचं नाव भांडणात येतं. मैदान, रेफरी, बॉल, ट्रॉफी, पाणी, अॅम्बुलन्स हे सगळं दरवर्षी करायची ताकद तुमच्यात खरंच आहे का ते दुखवट्याच्या आठवड्यात ठरवू नका, सहा महिने जाऊ द्या. तोपर्यंत हे बघा की दादा प्रत्यक्षात काय करायचे. तुम्हीच लिहिलं आहे, पाण्याची कॅन, ग्लुकोजचा डबा, पोरांना आणणं-नेणं. मग या रविवारी पाणी कोण आणणार? ज्युनिअर पोट्टे येणार कोणाच्या गाडीवर? हे ठरलं का ग्रुपवर? नागपूरचा फुटबॉल तिकिटांवर कधी चालला नाही, कामठीपासून मोतीबागपर्यंत तो असल्याच लोकांवर चालून राहिला, २००१ मध्ये विजय बारसे सरांनी झोपडपट्टीतल्या पोरांना घेऊन स्लम सॉकरची सुरुवात केली तेव्हा पण पैसा नव्हता, माणसं होती. दादांची तीन-चार कामं आहेत, ती नावानिशी वाटून घ्या, पाणी याचं, गाडी त्याची, आणि हंगाम संपेपर्यंत ती बिनचूक करा. उन्हाळ्यात प्रॅक्टिसला कॅन रिकामी दिसली तर समजा की तुमच्या सगळ्या श्रद्धांजलीला अर्थ उरला नाही.

आता मला जे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. वहिनी तुम्हाला ओळखत नाहीत असं तुम्ही लिहिलं, म्हणजे दादांचं अर्धं आयुष्य त्यांनी पाहिलेलंच नाही. त्यांना एवढंच माहीत असेल की हे रविवारी सकाळी निघतात, ताशा घेऊन, दुपारी घसा बसवून येतात, कधी कधी त्यावरून घरात बोलणी पण झाली असतील. मैदानावर तो माणूस काय होता, एखादा पोट्टा पेनल्टी चुकवून रडत बसला तर त्याच्याजवळ जाऊन काय बोलायचा, टीम ०-४ नं हरत असताना पण ताशा थांबायचा की नाही, हे फक्त तुमच्याकडे आहे. आणि ते लवकर जातं भाऊ, दोन वर्षांत तुम्हीच एकमेकांना विचाराल की ती मॅच कोणती होती रे. म्हणून प्रत्येकानं दादांचा एक प्रसंग, एकच, व्हॉइस नोटमध्ये सांगायचा, मिनिट-दोन मिनिटांचा, कुठली मॅच, कोण समोर होतं, काय झालं. "दादा म्हणजे देवमाणूस" असं बोललेलं चालणार नाही, घडलेलं सांगायचं. कोणी तरी ते सगळं टाइप करा, बोलले तसंच, सुधारू नका. जुने फोटो शोधा, मागे कुठे तरी कोपऱ्यात ताशा दिसत असेल असे पण. कोणाच्या मॅचच्या व्हिडिओत ताशाचा आवाज असेल तर तो कापून ठेवा, माणूस गेल्यावर आवाज किती मोलाचा असतो ते ज्याच्याकडे नाही त्याला विचारा. प्रिंट काढा, बाइंडिंग करा, सोबत एक पेन ड्राइव्ह, आणि महिना-दीड महिन्यानं, पाहुण्यांची गर्दी ओसरली की, घरी नेऊन द्या. विधी आटोपायच्या आत नको, तेव्हा कोणाला काही वाचायचं भान नसतं. प्यायचे किस्से, पैशाचे किस्से, कोणाला मारायला धावले ते किस्से त्यात टाकू नका, हे पुस्तक एक मुलगा वाचणार आहे, आज आठवीत आहे, पुन्हा कधी तरी पंचविशीत वाचेल.

वर्षश्राद्ध किंवा पहिला स्मृतिदिन येईल तेव्हासाठी एक सुचवून ठेवते. १६ ऑगस्ट १९८० ला कोलकात्यात ईडन गार्डन्सवर मोहन बागान आणि ईस्ट बंगालच्या मॅचमध्ये चेंगराचेंगरीत १६ सपोर्टरांचा जीव गेला. तिथे आजही १६ ऑगस्ट फुटबॉलप्रेमी दिवस म्हणून पाळतात आणि दोन्हीकडचे लोक रक्तदान करतात. आपल्या विदर्भात सिकलसेलची, थॅलेसेमियाची लेकरं किती आहेत ते तुम्हाला ठाऊक आहे, त्यांना रक्त लागतच राहतं आणि उन्हाळ्यात पोट्टे गावाला गेले की रक्तपेढ्या कोरड्या पडतात. १८ च्या वर वय, ४५ किलोच्या वर वजन, तुमच्या ग्रुपमधले बहुतेक बसतात त्यात. त्याच सकाळी एखाद्या डॉक्टरला बोलावून सगळ्यांना सीपीआर, म्हणजे हृदय बंद पडलेल्याची छाती दाबून रक्त फिरतं ठेवणं, शिकवा, छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी मिनिटाला १०० ते १२० दाब, पाच-सहा सेंटिमीटर खोल, आणि दुसऱ्यानं तोवर १०८ ला फोन. २०२१ मध्ये युरो कपच्या मॅचमध्ये डेन्मार्कचा एरिक्सन कोसळला तेव्हा त्याला मैदानावरच सीपीआर आणि शॉक मिळाला म्हणून तो वाचला. पण हे आत्ता करू नका. आत्ता सीपीआरचं शिबिर घेतलं तर वहिनींना ऐकू येईल की कोणाला हे येत असतं तर ते वाचले असते. वर्षभर थांबा, आणि तेव्हा पण त्यांना आधी विचारा.

तुमच्या त्या मित्राला सांगा, ये. कशावरून भांडण झालं होतं मला माहीत नाही आणि आता ते कोणाला उकरायचं पण नाही. एका क्लबचा ताशा ऐकत वर्षं काढलेली माणसं ही, बोलणं बंद होतं म्हणून नातं बंद नव्हतं. फक्त त्याला रविवारी कोपऱ्यात एकटं उभं राहू देऊ नका, आणि कोणी "आता आला का" असं बोलणार नाही हे तुम्ही आधी ग्रुपवर बघून घ्या. तो व्हॉइस नोट पाठवेल तर ती पण घ्या, भांडणाच्या आधीची काही तरी गोष्ट त्याच्याकडे असेलच, कदाचित सगळ्यात चांगली त्याच्याचकडे असेल.

ग्रुपमधून दादांचा नंबर काढू नका, पण तो फोन आता घरच्यांच्या हातात आहे हे लक्षात ठेवून लिहा, रात्री दोन वाजताचं सगळं त्या स्क्रीनवर दिसून राहिलं.

आणि समोरच्या कॅप्टनला, रेफरीला फोन शुक्रवार संध्याकाळपर्यंत झाले पाहिजेत, रविवारी सकाळी टॉसच्या वेळी सांगाल तर धावपळीत कोणाच्या लक्षात राहणार नाही. पाण्याची कॅन शनिवारीच भरून ठेवा.